आयरिश जिगचा माग कसा काढावा : ‘मॉरिसन्स जिग’ची चाल, नावे आणि पाठभेद

एखादी आयरिश जिग, म्हणजे तिथल्या लोकनृत्याची एक चाल, शिकायला बसल्यावर दोन-तीन दिवसांतच एक अडचण उभी राहते. पुस्तकात चालीचे एक रूप दिसते, ध्वनिमुद्रणात दुसरे ऐकू येते, आणि सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीत, शेजारचा फिडलवादक (फिडल म्हणजे तिकडचे व्हायोलिनच) तिसरेच रूप वाजवत असतो. वर तिन्ही ठिकाणी त्या चालीचे नावही निराळे असते. अशा वेळी ‘यातले मूळ कोणते?’ हा प्रश्न आपण घाईने विचारतो. माझ्या अनुभवात तो सर्वांत शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे. आधी चालीचा माग आणि नावाचा माग वेगवेगळे काढावे लागतात, कारण या दोहोंच्या वंशावळी क्वचितच एकमेकींशी जुळतात. हे काम प्रत्यक्षात कसे करायचे ते ‘मॉरिसन्स जिग’ या सुप्रसिद्ध दुहेरी जिगच्या आधाराने येथे मांडले आहे. जिथे तिचा पुरावा अपुरा पडतो, तिथे इतर दोन-तीन जिग्ज मदतीला घेतल्या आहेत.

पहिली पायरी : चाल हातात आणि कागदावर पक्की करणे

दुहेरी जिग ही सहा मात्रांची असते. मात्रांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, त्यामुळे आपला कान तिला लगेच दादरा समजतो. ही ओळख उपयोगी आहे, पण ती अर्धीच खरी आहे. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली येते. जिगमध्ये चौथी मात्राही पहिलीसारखीच वजनदार असते, कारण नाचणाऱ्याचा पाय दोन्ही ठिकाणी जमिनीवर पडतो. शिवाय तिनांतील पहिला स्वर किंचित लांब आणि दुसरा किंचित आखूड वाजतो. कागदावर तिन्ही सारखेच लिहिले जातात, आणि म्हणून फक्त कागदावरून शिकलेली जिग शिवणयंत्रासारखी टकटकत राहते. नऊ मात्रांची ‘स्लिप जिग’ आणि बारा मात्रांत लिहिली जाणारी ‘स्लाइड’ ही वेगळी घराणी आहेत. माग काढताना त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकलेल्यांनी आधी तारा बदलून लावाव्यात. आपल्याकडे बहुधा मंद्र पंचम, षड्ज, पंचम, तार षड्ज अशी जुळणी असते. आयरिश फिडल मात्र खालून वर जी, डी, ए, ई अशी, दर दोन तारांमध्ये पंचमाचे अंतर ठेवून लावतात. ही जुळणी केल्याशिवाय पुढचे काही मुद्दे बोटांना कळणार नाहीत.

‘मॉरिसन्स जिग’ पाश्चात्त्य परिभाषेत ई डोरियन या स्वरमालेत आहे. ई हा षड्ज धरला तर तिचे स्वर काफी थाटाचे ठरतात : गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. खाली लिहिलेले सर्व ‘ग’ आणि ‘नि’ कोमलच समजावेत. मंद्र निषादासाठी ‘ऩि’ वापरला आहे आणि तार सप्तकातील स्वरांवर अनुस्वार दिला आहे. पहिल्या भागाची आठ आवर्तने अशी :

सा – – प – – । सा प सा म रे ऩि । सा – – प – – । नि ध प म रे ऩि ।
सा – – प – – । सा प सा म रे ऩि । ग – – रे ग म । नि म ग रे सा ऩि ।

दुसऱ्या भागाची सुरुवात :

प सां सां रें सां सां । मं सां सां रें सां सां । प सां सां रें सां सां । मं – गं रें सां नि ।

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. सरगम ही फक्त लिपी म्हणून वापरावी. काफी थाट म्हटल्यावर काफी रागाची वळणे बोटांत येऊ लागतात, आणि मग कोमल गंधारावर मींड घेण्याचा मोह होतो. जिगला ती मानवत नाही. ‘केश जिग’ नावाची दुसरी एक लोकप्रिय चाल जी षड्ज धरून लिहिली, तर तिची पहिली चार आवर्तने ‘सा रे सा सा रे ग । रे ग रे रे ग प । ध प प सां प प । ध प ग प ग रे’ अशी निघतात आणि क्षणभर भूपाचा भास होतो. आठव्या आवर्तनात शुद्ध निषाद आला की तो भास संपतो.

दुसरी पायरी : सांगाडा वेगळा काढणे

पूर्ण चाल लिहून झाल्यावर प्रत्येक आवर्तनातील पहिला आणि चौथा स्वर तेवढा वेगळ्या ओळीत उतरवून घ्यावा. ‘मॉरिसन्स’च्या पहिल्या भागाचा सांगाडा असा निघतो : सा प । सा म । सा प । नि म । सा प । सा म । ग रे । नि रे. हे सोळा स्वर म्हणजे त्या चालीची ओळखपत्रिका होय. वादक सजावट बदलतो, मधले स्वर बदलतो, पण हा सांगाडा सहसा हलवत नाही. तो मुळापासून हलला तर आपण दुसऱ्या चालीपाशी आलो असण्याचा संभव मोठा असतो.

आयर्लंडमधील संग्राहक ब्रेंडान ब्रानख यांनी हजारो चालींची जी सूची केली, तिच्यामागेही याच जातीचा विचार होता : सुरुवातीच्या ठळक स्वरांना आकडे द्यायचे आणि शोध नावावरून न घेता आकड्यांवरून घ्यायचा. आपल्याला तेच घरच्या घरी करता येते. सा म्हणजे एक, रे म्हणजे दोन असे मोजत गेल्यास ‘मॉरिसन्स’च्या पहिल्या चार आवर्तनांचा आकडा 15, 14, 15, 74 असा होतो. कोणतीही नवी जिग ऐकली की आधी तिचा आकडा काढावा आणि मगच तिचे नाव विचारावे. मी सुरुवातीला याच्या उलट केले होते. ‘सॅडल द पोनी’ या नावाखाली मिळालेल्या दोन जिग्ज एकाच चालीची दोन रूपे समजून त्यांची सविस्तर तुलना मांडून बसलो होतो. सांगाडे काढल्यावर कळले की त्या दोन स्वतंत्र चाली असून नाव तेवढे समान आहे.

तिसरी पायरी : नावांची वेगळी वही

नावे चालीच्या कागदावर लिहू नयेत; त्यांना वेगळी वही असावी, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणी, कुठे, कधी वापरले एवढेच नोंदवावे. ‘मॉरिसन्स’ची नोंद या दृष्टीने फार बोलकी आहे. जेम्स मॉरिसन (1893–1947) हे स्लायगो काउंटीतील रिव्हर्सटाउनजवळचे फिडलवादक. 1915 साली ते अमेरिकेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये वादक व शिक्षक म्हणून इतके नावाजले गेले की लोक त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. मात्र ही जिग त्यांची रचना नव्हे. त्यांच्याबरोबर वाजवणारे, केरी काउंटीतून आलेले अकॉर्डियनवादक टॉम कार्मोडी यांच्याकडून ती त्यांना मिळाली. कार्मोडी तिला ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’, म्हणजे चुलीच्या ओट्यावर आडवी ठेवलेली काठी, अशा घरगुती नावाने ओळखत. ‘मॉरिस कार्मोडीज फेव्हरिट’ हेही नाव तिला आढळते. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री मॉरिसन यांनी ती कार्मोडींकडून ऐकून लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी वाजवली, अशी आठवण वादकांमध्ये सांगितली जाते. ही आठवण वहीत अवश्य लिहावी, पण तिच्यापुढे ‘तोंडी’ असा शेरा मारावा.

यातून काय हाती लागते? ‘मॉरिसन्स’ हे नाव चाल कोणी घडवली ते सांगत नाही. ती कोणाच्या तबकडीमुळे पसरली ते सांगते. ‘स्टिक अक्रॉस द हॉब’ हे नाव तिला एक पायरी मागे, केरीतल्या एका घरापर्यंत नेते. आयरिश चालींची बरीच नावे अशीच असतात : ज्याच्याकडून ऐकली त्याचे नाव चालीला चिकटते. जिगला नाव देणारा बहुतेक वेळा तिचा बाप नसून तिला घरी घेऊन आलेला पाहुणा असतो.

गावांची नावे तर याहून फसवी असतात. ‘केश जिग’मधील केश हे स्लायगोतील डोंगराशी व गावाशी जोडले जाते, हीच चाल फ्रान्सिस ओनील यांच्या 1903 च्या चालसंग्रहात (त्याबद्दल पुढे येईलच) ‘किंकोरा जिग’ या नावाने येते, आणि किंकोरा हे ब्रायन बोरू राजाचे क्लेअर काउंटीतील ठाणे. नावावरून जन्मगाव ठरवायला गेल्यास एकाच चालीचे दोन वेगळ्या काउंटींत दोन जन्म झाले असे म्हणावे लागेल.

चौथी पायरी : छापील आणि हस्तलिखित पुरावा

आता सांगाडा घेऊन जुन्या संग्रहांकडे जावे. सुरुवात फ्रान्सिस ओनील यांच्यापासून करणे सोयीचे असते. 1848 मध्ये कॉर्क काउंटीत जन्मलेले ओनील 1901 ते 1905 या काळात शिकागोचे पोलीस प्रमुख होते. 1903 सालच्या त्यांच्या संग्रहात 1,850 चाली आहेत; 1907 साली त्यांनी केवळ नृत्याच्या 1,001 चालींचा दुसरा संग्रह काढला. स्वतः ओनील बासरी वाजवत, पण स्वरलेखनाचे काम मुख्यतः त्यांचे सहकारी जेम्स ओनील यांनी केले. त्यामुळे त्यातले प्रत्येक पान म्हणजे कोणी वाजवलेले, दुसऱ्याने लिहिलेले आणि छापण्यासाठी थोडे नीटनेटके केलेले रूप असते, हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या मागे गेल्यास केरीतील धर्मगुरू जेम्स गुडमन यांची 19 व्या शतकाच्या मध्यातील हस्तलिखिते, जॉर्ज पेट्री यांचा संग्रह आणि आणखी मागे ओफॅरेल यांनी 19 व्या शतकाच्या आरंभी इलियन पाइप्ससाठी, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवायच्या आयरिश वाद्यासाठी, काढलेली पुस्तके आहेत. पुढे आल्यास ब्रानख यांची 1963 पासून निघालेली खंडमाला आहे. तिचे संपादन अधिक काटेकोर आहे आणि वादकांचे तपशीलही तिच्यात मिळतात. 1987 साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालयाने यातील बरेचसे साहित्य संकेतस्थळावर खुले केले आहे, त्यामुळे पुण्यात किंवा पणजीत बसूनही हे काम करता येते.

छापील पुराव्यातून मिळणारे वर्ष म्हणजे चाल पहिल्यांदा ‘पकडली गेली’ ते वर्ष. त्याला जन्मसाल समजू नये. आपल्याला नेमके विधान करता येते ते एवढेच : ही चाल अमुक सालाच्या आधी अस्तित्वात होती.

‘आयरिश वॉशरवूमन’ ही जिग या बाबतीत चांगला धडा देते. तिचे नाव आयरिश, लोकांच्या मनातील तिची प्रतिमाही आयरिश. पण ती 18 व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील छापील संग्रहांत दिसते, आणि काही अभ्यासक तिचे नाते 17 व्या शतकातील इंग्लिश नृत्यचालींशी जोडतात. त्यातली ‘डार्गासन’ ही चाल जॉन प्लेफर्ड यांच्या 1651 च्या नृत्यसंग्रहात आहे. दोन्ही चाली वाजवून पाहाव्यात. ‘डार्गासन’ची आठ आवर्तने शेवटाला न टेकता पुन्हा आरंभात मिसळतात आणि रहाटासारखी फिरत राहतात, ‘वॉशरवूमन’ला मात्र दोन भाग आहेत आणि प्रत्येक भाग षड्जावर येऊन विसावतो. झुलण्याची लकब सारखी आहे, पण बांधणी निराळी आहे. मला हे नाते शक्य वाटते, सिद्ध वाटत नाही, आणि वहीत मी तसेच लिहिले आहे. याउलट ‘हेस्ट टू द वेडिंग’ या जिगबद्दल ठामपणे बोलता येते, कारण ती 1767 साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहातील एका मूकनाट्यात गायली गेल्याची नोंद आहे. तिथून ती आयर्लंडच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचली की आधीच कुठे तरी लोकांत वाजत होती, हा प्रश्न मात्र त्या सालाने सुटत नाही.

पाचवी पायरी : तबकड्या, आणि त्यांनी केलेला घोळ

1920 आणि 1930 च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये मॉरिसन, मायकल कोलमन यांसारख्या स्लायगोच्या वादकांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या आणि टपालाने आयर्लंडमधील घराघरांत पोचल्या. गावोगावचे वादक त्या ऐकून वाजवू लागले. माग काढणाऱ्यासाठी ही घटना निर्णायक आहे. तबकडीनंतरच्या काळात कोणी ती चाल तबकडीबरहुकूम वाजवत असेल, तर तो स्वतंत्र साक्षीदार धरता येत नाही. तो बहुधा त्या तबकडीचाच प्रतिध्वनी असतो. दहा वादकांची दहा ध्वनिमुद्रणे मिळाली म्हणून पुरावा दहापट होत नाही. ‘केश जिग’चे असेच झाले : 1975 साली ‘बॉथी बँड’ या आयरिश वाद्यवृंदाने आपल्या पहिल्या अल्बममध्ये ती वाजवली आणि आज बहुतेक लोकांच्या कानात तेच रूप आणि तेच नाव बसले आहे.

म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे दोन प्रश्न लिहावेत. वादकाने ही चाल कोणाकडून घेतली? आणि ती तबकडी त्याच्या कानावर पडलेली असण्याची शक्यता किती? ज्याचे रूप तबकडीपासून थोडे हटके आहे, असा अप्रसिद्ध वादक येथे कीर्तिमान वादकापेक्षा मोलाचा ठरतो.

एक तांत्रिक खबरदारीही घ्यावी लागते. जुन्या तबकड्यांचा वेग नेहमी बरोबर 78 फेऱ्यांचा नसे, त्यामुळे डिजिटल प्रतीत स्वर अर्धा-पाऊण पट्टी वर-खाली सरकलेला असू शकतो. अशा वेळी मोकळ्या तारेचा आवाज ओळखावा. बोटाने दाबलेल्या स्वरापेक्षा तो उघडा आणि टणक असतो. ‘मॉरिसन्स’च्या दुसऱ्या भागातील वारंवार येणारा ‘सां’ फिडलवर मोकळ्या ई तारेचा असतो. तो सापडला की सगळी पट्टी सापडते.

सहावी पायरी : पाठभेद मांडणे

मोठ्या कागदावर आडवी आवर्तने आणि उभी रूपे अशी चौकट आखावी, आणि फक्त फरक असतील त्याच घरांत स्वर लिहावेत. रिकामी घरे जितकी जास्त, तितकी ती रूपे जवळची. मग भेदांचे वजन ठरवावे, कारण सगळे भेद सारख्या तोलाचे नसतात.

सर्वांत हलका भेद सजावटीचा. पहिल्या आवर्तनातील लांब ‘सा’ कोणी सरळ धरतो, कोणी त्यावर ‘रोल’ घेतो, म्हणजे वरच्या व खालच्या स्वराला निसटता स्पर्श करून त्या तीन मात्रा भरतो, कोणी ‘सा ऩि सा’ असे तीन सुटे स्वर वाजवतो, तर कोणी एकाच स्वरावर गजाचे तीन छोटे झटके देतो. हे भेद एकच वादक एकाच बैठकीत आलटूनपालटून करतो, म्हणून वंशावळीसाठी त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. मधल्या स्वरांची भरणी बदलणे हा त्याहून किंचित जड भेद.

खरा जड भेद बांधणीतला. ‘मॉरिसन्स’चा दुसरा भाग काही जण आठ आवर्तनांचा मानून जसाच्या तसा दोनदा वाजवतात, इतर जण तो सोळा आवर्तनांचा सलग भाग मानतात, आणि त्याच्या उत्तरार्धातील चौथ्या आवर्तनापासून चाल निराळ्या वाटेने जाते :

रें मं रें नि सां रें । गं – – गं रें सां । नि सां रें गं – नि । सां नि ध नि – म । प म ग रे सा ऩि ।

हा तुकडा ज्या रूपात आहे आणि ज्यात नाही, अशी दोन खाती पाडून मगच पुढची तुलना करावी. लांब रूप आधीचे आणि आखूड रूप ही विसरभोळ्यांनी केलेली काटछाट, असे समजण्याची घाई मात्र करू नये. पुनरावृत्तीला कंटाळलेल्या एखाद्या चांगल्या वादकाने नवा तुकडा घातला असणेही तितकेच संभवते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पोथ्यांची घराणी लावून सर्वांत जुन्या पाठापर्यंत पोचण्याची धडपड होती, आणि ग्रंथासाठी ते योग्यच होते. जिगसाठी ती पद्धत निम्म्या वाटेपर्यंतच उपयोगी पडते, कारण येथे प्रत्येक चांगला वादक लेखनिकही असतो आणि कवीही.

सातवी पायरी : वाद्याची साक्ष

कधी कधी जे कागद सांगत नाही ते बोटे सांगतात. ‘मॉरिसन्स’च्या पहिल्याच आवर्तनातील ‘सा’ फिडलच्या डी तारेवर पहिल्या बोटाने येतो आणि ‘प’ शेजारच्या ए तारेवर, त्याच पहिल्या बोटाने. बोट दोन्ही तारांवर आडवे टेकवले की ते उचलावेच लागत नाही. गज तेवढा एका तारेवरून दुसऱ्या तारेवर झुलतो. दुसऱ्या भागात तोच झोका ए आणि मोकळ्या ई तारेमध्ये चालतो. चाल हातात इतकी चपखल बसते की ती फिडलवरच जन्मली असावी असे वाटू लागते. मलाही वाटले होते. पण ती मॉरिसन यांना मिळाली अकॉर्डियनवादकाकडून. आणि तिचा सगळा विस्तार, खालच्या डीपासून वरच्या एपर्यंत, टिन व्हिसल (धातूची छोटी उभी बासरी) आणि इलियन पाइप्स यांच्या पल्ल्यातही पुरता मावतो. म्हणजे वाद्याची साक्ष येथे कोणत्याच बाजूने पुरेशी होत नाही. जी चाल खालच्या जी तारेवर उतरते, तिच्याबाबत ही साक्ष जास्त बोलते, कारण व्हिसलला तिथे पोचताच येत नाही आणि व्हिसलवादकाला तो तुकडा वरच्या सप्तकात दुमडून घ्यावा लागतो. अशी दुमड दिसली की ते रूप कोणत्या वाद्याच्या हातून गेले ते कळते.

आठवी पायरी : नोंदपत्र भरणे

शेवटी प्रत्येक चालीसाठी एक नोंदपत्र भरावे, आणि त्यातील प्रत्येक विधानापुढे ‘छापील’, ‘ध्वनिमुद्रित’, ‘तोंडी’ किंवा ‘माझा तर्क’ यांपैकी एक शेरा असावा. माझे ‘मॉरिसन्स’चे पत्र आज असे आहे. सांगाडा : 15, 14, 15, 74. स्वरमाला : ई डोरियन. नावे : तीन, त्यांतील एक मॉरिसन यांच्यामुळे, दोन कार्मोडींच्या बाजूने. पहिली खात्रीची पकड : 1930 च्या दशकाच्या मध्यावरची न्यूयॉर्कमधील तबकडी, ध्वनिमुद्रित. त्याआधीचा ठावठिकाणा : केरी, कार्मोडी घराणे, तोंडी. बांधणी : दुसऱ्या भागाची दोन रूपे, आठ व सोळा आवर्तनांची, आधीचे कोणते, अनिर्णित. रचनाकार : हे घर कोरे ठेवले आहे, आणि त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे की केरीतील, तबकडी न ऐकलेल्या एखाद्या वादकाचे ध्वनिमुद्रण मिळाले तर सर्वप्रथम त्याच्या दुसऱ्या भागाचे बारावे आवर्तन ऐकावे.